लिलाव चुकला तो रविवार

डॉक्टरांनी आजच छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून ज्याला दाखवला असेल, त्याच्यासाठी मी हे लिहितो आहे. धीर देणारं लिहिणारे पुष्कळ आहेत, मला ते जमत नाही. आजारी होतो तेव्हा मी वैतागलेला होतो, बरा झालो तेव्हाही वैतागलेलाच होतो. पण बरा झालो, एवढं ध्यानात ठेवा आणि पुढे वाचा.

क्षयाने छळलं त्याहून जास्त मला दोन शब्दांनी छळलं. तयार राहा. आमच्या ख्रिस्ती मंडळीतला जो भेटायला यायचा तो जाताना हेच सांगून जायचा. प्रभू कधी येईल सांगता येत नाही, जयवंतराव, तयार राहा. सांगणारा नाकावर रुमाल धरून सांगायचा आणि सांगून झालं की जिन्याकडे जवळजवळ पळायचा. तुमचा धर्म कोणताही असो, तुम्हालाही कोणी ना कोणी हेच सांगणार आहे. त्याच्यावर रागवायचं की नाही ते मी शेवटी सांगतो.

फोटो

माझा धंदा खोक्यांचा. गोदीत माल उतरला की रिकामी लाकडी खोकी उरतात. ती उचलून कॉटन ग्रीनच्या शेडमध्ये आणायची, खिळे उपटायचे, फळ्या निवडून विकायच्या. परळच्या चाळींत भिंतीवर जी फडताळं दिसतात त्यांतली कितीतरी माझ्या फळ्यांची आहेत. नगर जिल्ह्यातून आलो तेव्हा माझ्याकडे खिळे उपटायचा एक पंजा होता, तोही दुसऱ्याचा. शेड उभी राहिली ती माझ्या आवाजावर. गोदीच्या फाटकाशी दहा जण एकदम बोली करत असताना ज्याचा आवाज वर राहतो, खोकी त्याची.

डॉक्टर म्हणाले, वर्षभर इस्पितळात राहावं लागेल.

"सहा महिने," मी म्हणालो.

ते फोटोकडेच बघत राहिले.

"बरं, नऊ."

"जयवंतराव," ते म्हणाले, "मी काही विकत नाहीये."

मग म्हणाले की आवाजही बंद ठेवायचा. ओरडायचं नाही, भांडायचं नाही, गायचं नाही. मी विचारलं, मग जगायचं कशासाठी? ते तुमच्या पाळकांना विचारा, असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मार्था, माझी बायको, बाहेर बाकावर बसली होती. तिला कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करत होतो, तर तीच म्हणाली, "शेडची किल्ली द्या." डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. मी चिडलो. म्हटलं, नवऱ्याला क्षय झालाय आणि तुला किल्ली सुचते?

"तुमचे रुमाल मीच धुते ना," ती म्हणाली. "मला पावसाळ्यापासून माहीत आहे."

परळ नाक्यापर्यंत मी धुसफुसत चाललो. मग मी किल्ली दिली.

हातोडा

आता माझी खरी तक्रार.

आमचं देऊळ, म्हणजे चर्च, गिरगावात. दर वर्षी हंगामाचा सण होतो. देशावर लोक शेतातलं पहिलं पीक देवळात आणायचे, इथे मुंबईत शेत कुणाचं? म्हणून जो तो जमेल ते आणतो. भोपळा, कोंबडी, लोणच्याची बरणी, केक, नारळ. उपासना झाली की आवारात टेबल मांडून सगळ्याचा लिलाव करायचा आणि येईल ते मंडळीच्या कामाला. हा लिलाव पहिल्यापासून मी करायचो. हातोडाही माझाच, शेडमधल्या सागाच्या तुकड्यातून मी स्वतः केलेला. शास्त्र मला फारसं येत नाही, गाता तर मुळीच येत नाही. मंडळीत माझी म्हणावी अशी ती एकच जागा होती.

लिलावातला शेवटचा जिन्नस ठरलेला असायचा: अंडं. सलोमीबाई म्हणून एक म्हातारी विधवा होती, तिने पहिल्या सणाला एकच अंडं आणलं होतं. तेव्हापासून प्रथा पडली की ते अंडं ज्याच्या बोलीला सुटेल त्याने पैसे भरायचे, पण ते घरी न्यायचं नाही. "प्रभूला परत" म्हणायचं आणि टेबलावर ठेवायचं. मग पुन्हा बोली, पुन्हा परत. एकच अंडं मी संध्याकाळपर्यंत फिरवलेलं आहे. हिशोबी माणसांना हसवून, चिडवून, शेजाऱ्याच्या नावाने डिवचून पुन्हा बोलायला लावायचं, हे कोणालाही जमत नाही.

त्या वर्षी सणाच्या बऱ्याच आधी प्रभुभोजनाला मी रांगेत उभा राहिलो. आमच्यात एकच प्याला सगळ्यांना फिरतो. माझ्या खोकल्याची बातमी पसरलेली. माझ्या मागचे एकेक करून पुढे सरकले आणि मी शेवटचा राहिलो. माझ्यानंतर प्याला कोणालाच नको होता. नीट, गोड हसून सरकले.

आणि इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी शांतवन घरी आला. शांतवन माझा मेहुणा, मार्थाचा धाकटा भाऊ, गिरगावात मास्तर. आवाज असा की तिसऱ्या बाकाला ऐकू जाणार नाही.

"दाजी," तो म्हणाला, "मंडळीच्या पंचांनी हातोडा मागवलाय."

"हातोडा पंचांचा नाही."

"तसं नाही हो. सणाला तुम्ही टेबलाशी उभे राहिलात तर तुमचाच. नाही जमलं तर मग पुढे कायमचं मी बघावं, असं ठरलंय. दर वर्षी घोळ नको म्हणून."

म्हणजे मी मरणार हे पंचांनी बैठक घेऊन मंजूर केलं होतं. मी हातोडा दिला नाही, मार्थाने दिला. त्यावरून आमचं जे भांडण झालं त्यात मला पहिल्यांदा तोंडातून रक्त आलं, तेव्हा ते अर्ध्यावर राहिलं. मी त्याच क्षणी ठरवलं, सणाला टेबलाशी उभा राहीन. काय वाटेल ते होवो.

वॉर्ड

शिवडीच्या बाजूचं ते इस्पितळ. खाडीचा चिखल वाऱ्यावर वास धाडायचा. सकाळी थर्मामीटर, मग सुई, मग दूध-अंडं, मग डॉक्टरांची फेरी. जेवणानंतर विश्रांतीचा तास. त्या तासात बोलायचं नाही, वाचायचं नाही, छताकडे बघायचं. ज्याने आयुष्यात कधी बसून जेवण केलं नाही त्याला हे सांगून बघा. पहिल्या आठवड्यात मी छताच्या फळ्या मनातल्या मनात उपटून विकल्या.

शेजारच्या खाटेवर गणपत होता. मालवणकडचा, लालबागच्या गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा. त्याची छाती माझ्याहून खराब. ऑपरेशन करून बरगड्या काढायच्या होत्या, पण आधी अंगात ताकद यायला हवी म्हणून डॉक्टर थांबले होते. त्याचं सगळं लक्ष बाहेर. संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे निघत होते, त्याच्या चाळीतले सगळे रस्त्यावर आणि हा खाटेवर. वारा त्या बाजूचा असला की घोषणा ऐकू यायच्या. हा तापात उठून बसायचा आणि सिस्टर येऊन त्याला आडवा करायच्या.

आमच्या मंडळीतल्या एका बाईंनी एकदा माझ्या उशाशी उभं राहून दफनाच्या वेळचं गीत हळू आवाजात म्हटलं. त्या गेल्यावर गणपत म्हणाला, "भजन बरा हा. पण खोकीशेट, तुमी इतक्यात मरतास काय?"

"नाही."

"मगे त्यांका सांगा."

पाळकसाहेब तेवढे रुमाल न धरता यायचे आणि खाटेवर बसायचे. त्यांच्यावर मी सगळा राग काढला. म्हटलं, तुमच्या बायबलातल्या त्या दाखल्यातल्या, म्हणजे गोष्टीतल्या, मालकाचं मला काही पटत नाही. घर नोकरावर टाकून जातो, परत कधी येणार ते सांगत नाही, आणि आल्यावर नोकर तयार नसला तर शिक्षा. ही कसली रीत? मी शेडमध्ये असं वागलो तर तिसऱ्या दिवशी माणूस टिकणार नाही.

"तुम्ही शेडमध्ये जाताना वेळ सांगून जाता?" त्यांनी विचारलं.

मी कधीच सांगून जात नाही.

"सांगितलं असतं तर माणसांनी त्याच दिवशी झाडलं असतं," ते म्हणाले.

हे मला लागलं, म्हणून मी हातोड्यावर आलो. म्हटलं, मी इतकी वर्षं विश्वासू राहिलो की नाही? तयार होतो की नाही? मग माझं काम काढून त्या पुटपुट्याला का दिलं?

"दाखल्यातल्या दासाला काम काय दिलं होतं, जयवंतराव?"

"घर राखायचं. दिवा लावून दाराशी बसायचं."

"पुन्हा वाचा," ते म्हणाले आणि उठले. पाळक लोक उत्तर देऊन टाकतील तर त्यांचं काय जाईल, मला कळत नाही.

मी रागाने दोन दिवस वाचलं नाही. मग वाचलं. मालकाने त्या दासाला घरच्या माणसांवर नेमलं होतं, वेळच्या वेळी त्यांना जेवण द्यायला. बस. तो आला तेव्हा दास तेवढं करत असला म्हणजे झालं. मला फसवल्यासारखं वाटलं. त्या कामात ना आवाज लागत होता, ना अक्कल.

अंड्यांचं काम

त्याच आठवड्यात माझा ताप उतरला आणि सिस्टरनी मला कामाला लावलं. हिंडायची परवानगी मिळालेल्या रोग्यांनी वॉर्डातलं हलकं काम करायचं, असा तिथला रिवाज होता. मला मिळालं सकाळी दूध-अंडं वाटायचं. मी पाळकसाहेबांना स्पष्ट विचारलं, हे तुम्ही सांगितलंत का त्यांना? ते शपथेवर नाही म्हणाले. माझा अजून पूर्ण विश्वास नाही.

आता यात काय आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ज्यांना उठायची बंदी त्यांना दूध गरम असतानाच मिळायला हवं, गार झालं की त्यांची इच्छा मरते. कोणाला अंडं उकडून लागतं, कोणाला दुधात फेटून. कोणी लाजून अर्धं शेजाऱ्याला देतो, त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. गणपत तर उपवासाचं निमित्त शोधायचा. त्याला सिस्टर रागावल्या तर तो तोंड मिटून घ्यायचा. मी भांडलो की खायचा, कारण भांडताना तोंड उघडावं लागतं.

इकडे मी डॉक्टरांच्या मागे लागलो होतो. सणाच्या रविवारी मला सोडा. दिवसभर नाही तर दुपारपर्यंत. दुपारपर्यंत नाही तर फक्त लिलावापुरतं. ते फेरीला आले की मी सुरू. शेवटी ते कंटाळले. म्हणाले, वजन वाढवून दाखवा, आणि टेबलाशी उभं राहायचं पण ओरडायचं नाही. ओरडलात आणि रक्त आलं तर इथे परत आणायला लोकांना वेळ मिळणार नाही. मी होय म्हणालो. कसं काय न ओरडता लिलाव करायचा ते तिथे गेल्यावर बघू, असं मनात ठेवलं. मी वजन वाढवलं आणि त्यांनी सुट्टी लिहून दिली.

रविवार

आदल्या संध्याकाळी लालबागेत गोळीबार झाल्याची बातमी आली. सकाळी तो सगळा भाग बंद. आमचे स्वयंपाकघरातले आणि वॉर्डातले बहुतेक नोकर लालबाग-काळाचौकीकडचे, त्यांतलं कोणीच येऊ शकलं नाही. माझी वाट मात्र मोकळी होती. गोदीचा रस्ता चालू होता आणि माझ्या शेडवर येणारा लॉरीवाला कासम ठरल्याप्रमाणे फाटकाशी येऊन उभा होता. मार्था शनिवारीच सणाच्या तयारीला भावाकडे गिरगावात गेली होती. मी दाढी केली, कोट चढवला, टोपी घातली.

सिस्टर एकट्याच दूध गरम करत होत्या. केरळाकडच्या त्या, मराठी तुटक बोलायच्या. मला बघून म्हणाल्या, "तुमची सुट्टी आहे. जा."

"आणि हे कोण वाटणार?"

"मी वाटते."

"एवढ्या खाटा? गार होईल सगळं."

"तुमची सुट्टी आहे," त्या पुन्हा म्हणाल्या. रागावून सांगितलं असतं तर मी गेलो असतो. त्यांना माझ्याकडे बघायलाही वेळ नव्हता.

मी विचार केला, घाईने वाटून टाकतो. कोट न काढताच किटली उचलली. बाहेर कासमने भोंगा वाजवला. मी खाटांवरून झरझर गेलो, शेवटी गणपतशी आलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. रात्रीपासून पाणीही घेतलं नव्हतं. परवावर त्याचं ऑपरेशन.

"माझे भाव रस्त्यार मार खातत," तो म्हणाला, "नि मी हय अंडा खाव?"

"तू उपाशी राहिलास तर गोळीबार थांबणार आहे?"

"तुमका जावचा हा ना? मग जावा. तुमची लॉरी भायर बोंबालता हा."

बोंबलत होतीच. कासम फाटकातून आत येऊन खिडकीखालून म्हणाला, "सेठ, चलो, रास्ता अभी खुला है. बाद में मेरे को मत बोलना."

मी त्याला हाताने थांब म्हटलं आणि स्टुलावर बसलो. अंडं दुधात फेटलं. म्हटलं, गणपत, दहा चमचे. तो म्हणाला, एकही नाही. म्हटलं, आठ. तुझा महाराष्ट्र झाला आणि मिरवणुकीत तुला उचलून न्यायला चार माणसं लागली तर तुझी शोभा होईल का? तो म्हणाला, दोन. मी म्हटलं, दोन चमच्यांवर साचा चालवून दाखव. मोठ्याने बोलायची बंदी होती म्हणून हे सगळं मी कुजबुजून करत होतो. आयुष्यात इतका चिवट सौदा मी केला नाही. एकेका चमच्याला तो नवीन कारण काढायचा आणि मी नवीन उत्तर. पेला अर्धा झाला तेव्हा बाहेर लॉरी सुरू झाल्याचा आवाज आला. मी उठलो.

"गेली बघा," गणपत म्हणाला. "आता लिलाव चुकलो तुमचो."

"तोंड उघड," मी म्हणालो.

पेला संपला. लॉरी वळून गेली होती. मी कोट काढून खुंटीला लावला आणि विश्रांतीच्या तासाला छताकडे बघत पडलो. तिकडे टेबल मांडलं असेल, भोपळा निघाला असेल. तो पुटपुट्या माझा सागाचा हातोडा घेऊन उभा असेल. मी शांत बिंत काही झालो नाही. उशी चावली.

प्रभूला परत

दुसऱ्या दिवशी मार्था आली. मी पहिलं विचारलं, कसा केला त्याने? ती म्हणाली, बरा केला. शांतवनाचा आवाज ऐकू येत नाही म्हणून लोक टेबलाजवळ येऊन उभे राहिले आणि जवळ आल्यामुळे बोली जास्त झाली. हे तिने मला सांगायला नको होतं.

"आणि अंडं?"

तिने पिशवीतून रुमालाची गाठ काढून माझ्यासमोर सोडली. आत अंडं.

"तू ते आणलंस? घरी?"

"मी बोली केली, मला सुटलं."

"अगं, मग परत म्हणायचं असतं."

"शांतवनही तेच म्हणाला. हातोडा वर धरून उभा होता बिचारा. ताई, म्हण ना, म्हणाला. म्हटलं, परतच देतेय, फक्त रस्ता लांबचा आहे." मग हळूच म्हणाली, "कासमने सांगितलं मला, तुम्ही का आला नाहीत ते."

तुम्हाला वाटेल मी गहिवरलो. मी तिच्यावर भडकलो. ते अंडं अजून फिरलं असतं. मी टेबलाशी असतो तर तिला फाटकाबाहेर जाऊ दिलं नसतं. ती ऐकत होती आणि रुमालाची घडी घालत होती. सांगून दमलो तेव्हा म्हणाली, "आता हे कोणाला द्यायचं ते सांगा, मला शेड उघडायची आहे."

गणपतने मान वळवली. "लिलावातला अंडा हा? किती बोली झाली?"

"ते विचारायचं नाही," मार्था म्हणाली. "तोंड उघडायचं."

मी ते दुधात फेटलं आणि त्याने शेवटच्या चमच्यापर्यंत खाल्लं. दुसऱ्या दिवशी त्याला ऑपरेशनला नेलं.

त्याच्या काही बरगड्या गेल्या, तो राहिला. पुढे राज्य झालं तेव्हा पेढे घेऊन माझ्या शेडवर आला, एका बाजूला कलून चालत, आणि मिरवणुकीत आपल्याला कोणी उचललं नाही हे दोनदा सांगून गेला.

मी बरा होऊन देवळात गेलो त्या रविवारी प्रभुभोजन होतं. रांगेत माझ्या मागे शांतवन उभा राहिला. मी प्याला त्याला दिला, तो प्यायला. हातोडा मात्र त्याने परत दिला नाही आणि मी मागितला नाही. पंचांनी ठरवलं ते ठरवलं. मला अजून ते पटलेलं नाही.

तेव्हा तुम्हाला कोणी तयार राहा म्हटलं तर रागवा, खुशाल रागवा. फक्त राग येत असताना शेजारच्या खाटेवरच्याने दूध घेतलं का तेवढं बघा. तयारीचं बाकी काही मला इस्पितळात सापडलं नाही.

सणाला मी दर वर्षी जातो. सगळा लिलाव गप्प बसून ऐकतो, शांतवनाच्या चुका मनात सुधारतो. शेवटचं अंडं निघालं की बोली करतो आणि कोणाला पुढे जाऊ देत नाही. मला सुटतं. मग सगळे माझ्याकडे बघतात. शांतवन हातोडा वर धरून वाट बघतो.

"दाजी," तो म्हणतो, "निदान एकदा तरी म्हणा."

मी अंडं रुमालात बांधतो, टोपी घालतो आणि कासमच्या लॉरीत बसतो. शिवडीच्या वॉर्डात संध्याकाळच्या दुधाची वेळ होत आलेली असते.